जमिनीचा दलाल व्हावे की जमिनीत पैसा गुंतवावा?

आपल्या शाळेच्या मागील माजी विद्यार्थी मेळाव्यात भोजनानंतर मेहकर तालुक्यातील एक विद्यार्थी माझ्याजवळ येऊन बसला. वसतिगृहात असताना तो अबोल होता. आता दोन मुलांचा बाप आहे. त्याच्या वडिलांच्या कोरडवाहू चार एकरांपैकी अडीच एकर समृद्धी महामार्गात गेले. आलेल्या मोबदल्यातून बहिणीचे लग्न आणि जुने कर्ज भागले, तरी काही रक्कम बँकेत शिल्लक होती. तो म्हणाला, ‘सर, गावात सगळे प्लॉटच्या धंद्यात उतरले आहेत. मी एजंट होऊ, की बाबांच्या पैशाने प्लॉट घेऊन ठेवू?’ इतिहास शिकविणाऱ्या मास्तराला हा प्रश्न का विचारावा, असे मला क्षणभर वाटले. पण या विषयात मी स्वतः एकदा पोळलेलो आहे, आणि पोळलेल्या माणसाजवळ सांगण्यासारखे थोडे असते. त्या दिवशी वेळ अपुरा पडला; म्हणून ते उत्तर या स्मरणिकेत सविस्तर लिहीत आहे.

प्रथम आपल्या जिल्ह्याचा संदर्भ पाहू. नागपूर–मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर लांबीचा. त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी शेवटचा टप्पा पूर्ण झाला. मेहकर, सिंदखेडराजा, देऊळगावराजा या भागांतून जाताना त्याने शेकडो कुटुंबांच्या हाती पहिल्यांदाच एकरकमी मोठा पैसा दिला. थेट खरेदीने जमिनी घेताना शासकीय दराच्या सुमारे पाचपटीपर्यंत मोबदला मिळाला. साब्रा–काब्रा आणि सावरगाव माळ परिसरात नवनगरे उभारण्याची घोषणा झाली आणि पाठोपाठ नकाशे बगलेत धरून फिरणारी माणसे गावोगाव दिसू लागली. यातली बरीच मंडळी कालपर्यंत बियाणे-खताच्या दुकानात किंवा काळीपिवळीच्या स्टेअरिंगवर होती.

हे दृश्य वऱ्हाडला नवीन नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला अचानक सोन्याचे मोल आले. रेल्वे आली, जलंब–खामगाव हा फाटा १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते सुरू झाला. खामगावच्या बाजारात अडते, दलाल, मापाडी यांची गर्दी झाली. शेतकरी गाडी घेऊन येई आणि भाव दुसऱ्याच दोघांत ठरे. पुढे तक्रारी इतक्या वाढल्या की १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस आणि धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा करावा लागला. देशातील नियंत्रित बाजारपेठांचा पाया म्हणून अभ्यासक आजही त्याचा उल्लेख करतात. मध्यस्थाला नियमात बांधण्याची गरज आपल्या प्रदेशाला तेव्हाच पटली होती. जमिनीच्या मध्यस्थाबाबत तीच गोष्ट व्हायला २०१६ साल उजाडावे लागले.

तो कायदा म्हणजे स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, २०१६. लोक त्याला ‘रेरा’ म्हणतात. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरील प्लॉटचा किंवा आठपेक्षा अधिक सदनिकांचा प्रकल्प विकायचा असेल तर तो महारेराकडे नोंदवावा लागतो. असा प्रकल्प विकून देणाऱ्या एजंटालाही कलम ९ प्रमाणे नोंदणी घ्यावी लागते. व्यक्तीसाठी तिची फी १०,००० रुपये आणि मुदत पाच वर्षे. २०२३ पासून महाराष्ट्रात एजंटाला प्रशिक्षण घेऊन परीक्षाही उत्तीर्ण व्हावी लागते. नोंदणी नसताना धंदा केला तर दररोज १०,००० रुपये आणि मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत दंडाची तरतूद आहे. शिवाय दहा टक्क्यांहून अधिक रक्कम नोंदणीकृत करार केल्याशिवाय विकासकाला घेता येत नाही. ही एकच गोष्ट आपल्या पालकांना ठाऊक असती तर कितीतरी घरांतील पीएफचे पैसे वाचले असते. मात्र शेतजमिनीच्या साध्या खरेदी-विक्रीला हा कायदा लागू होत नाही. तेथे एजंट कोणीही होऊ शकतो, आणि होतोही.

आता माझी गोष्ट. महामार्गाची मोजणी सुरू होती तो काळ. एके रविवारी आमचाच एक जुना विद्यार्थी घरी आला. पाया पडला, चहा घेतला आणि पिशवीतून रंगीत नकाशा काढला. महामार्गापासून जवळ, तीस फुटी रस्ता, बगिच्याची जागा सोडलेली. ‘सर, तुमच्यासाठी कोपऱ्याचा प्लॉट राखून ठेवला आहे. भाव पुढच्या महिन्यात वाढणार.’ मी दीड लाख रुपये इसार दिला. शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर इसारचिठ्ठी झाली. मूळ साधन पाहिल्याशिवाय विधान करू नये, असे वर्गात मुलांना पुनःपुन्हा सांगणाऱ्या मी त्या जमिनीचा सातबारा उघडूनही पाहिला नाही. चार महिन्यांनी कळले की सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ असे स्पष्ट लिहिलेले होते. अशी जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. ले-आऊट मंजूर नव्हता, जमीन अकृषक झालेली नव्हती. आणि सर्वांत दुःखाची गोष्ट अशी की, तो विद्यार्थी निव्वळ एजंट नव्हता. त्याने स्वतः कर्ज काढून त्या शेताचा इसार केला होता, त्याचे व्याज चढत होते, आणि आमच्या इसारांतून तो ते भागवीत होता. मला त्याने हे सांगितले नाही. माझे पैसे तीन वर्षांत, हप्त्याहप्त्याने, तेही पूर्ण नव्हे, परत आले. माझ्यासोबत शाळेतील एका स्वयंपाकीण ताईंनीही पैसे दिले होते. ‘सरांनी घेतला म्हणून मी घेतला,’ असे त्या म्हणाल्या. ते वाक्य मी विसरलेलो नाही.

त्या मुलाला मी लबाड म्हणणार नाही. त्याची चूक नेमकी कोठे झाली, ते समजून घेणे अधिक उपयोगाचे आहे. दलाली आणि गुंतवणूक हे दोन वेगवेगळे व्यवसाय आहेत. दलालाचे भांडवल विश्वास आणि माहिती. त्याचे उत्पन्न सौदा पूर्ण झाला की मिळते आणि भाव पडला तरी त्याचे स्वतःचे घर बुडत नाही. गुंतवणूकदाराचे भांडवल रोख रक्कम आणि थांबण्याची ताकद. चुकले तर त्याचेच जाते, साधले तर त्याचेच राहते. आपल्या मुलाने दोन्ही टोप्या एकाच वेळी घातल्या. स्वतःची जोखीम त्याने दलालाच्या तोंडाने आमच्या गळ्यात बांधली. आज आपल्या भागात प्लॉटच्या व्यवहारांत जी भांडणे होतात, त्यांतील बहुतेकांच्या मुळाशी मला हेच दिसते. एजंट ज्या जमिनीत स्वतः अडकलेला असतो, तीच तो इतरांना विकत असतो.

म्हणून ‘कोणता धंदा चांगला’ असे मी त्या विद्यार्थ्याला सांगितले नाही. ‘तुझ्याजवळ कोणते भांडवल आहे?’ असे विचारले.

दलालीचा हिशेब अगदी साधा आहे. आपल्याकडे दोन्ही बाजू मिळून शेकडा दोनच्या आसपास दलाली मिळते असे धरू. वर्षाला बारा लाखांचे सहा सौदे जुळले तरी वर्षाचे १,४४,००० होतात. म्हणजे महिन्याला १२,०००. त्यातून पेट्रोल, फोन, चहापाणी वजा करायचे. पहिल्या वर्षी सहा सौदे होतीलच याची खात्री नाही. एखादा सौदा दुय्यम निबंधकाच्या दारात भावाभावांच्या भांडणावरून मोडतो आणि सहा महिन्यांची पायपीट वाया जाते. तेव्हा नोकरी सोडून या धंद्यात उडी मारण्यापेक्षा घरात दुसरे उत्पन्न असताना त्यात शिरावे. मात्र यात एक फायदा आहे आणि तो पैशाने मोजता येत नाही. दोन वर्षे प्रामाणिकपणे दलाली करणारा माणूस सातबारा, फेरफार, मोजणीचा नकाशा, वारसांची नोंद, बँकेचा बोजा हे सर्व वाचायला शिकतो. ज्यांच्या घरात तीन पिढ्या सातबाराच नव्हता, त्या आपल्या मुलांसाठी हे शिक्षण थोडेथोडके नाही.

आणि आपल्या समाजाच्या दृष्टीने दलालाच्या कामाला आणखी एक अर्थ आहे. १९१७ मध्ये बाबासाहेब कोलंबियाचे शिक्षण घेऊन बडोद्याला नोकरीवर रुजू झाले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावे लागले आणि तेथूनही त्यांना हाकलण्यात आले. त्यानंतर मुंबईत त्यांनी शेअर व्यापाऱ्यांना सल्ला देणारा व्यवसाय सुरू केला. ज्ञान होते, पदव्या होत्या. पण सल्लागार कोणत्या जातीचा आहे हे कळताच गिऱ्हाइके फिरकेनाशी झाली आणि तो व्यवसाय बंद पडला. पुढे १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. मध्यस्थाचे भांडवल विश्वास असते आणि जात तो विश्वास कसा हिरावून घेते, याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही. आजही पुण्यात किंवा छत्रपती संभाजीनगरात शिकायला गेलेल्या आपल्या मुलामुलींना खोली शोधताना आडनाव विचारले जाते. कोणाला कोणती खोली दाखवायची हे पुष्कळदा एजंटच ठरवतो. तेथे आपला एखादा जाणता, नोंदणीकृत एजंट असला तर त्याचे महत्त्व एखाद्या वसतिगृहाच्या अधीक्षकाहून कमी नाही. म्हणून ‘दलाल’ हा शब्द ऐकताच आपले पालक जे तोंड वाकडे करतात, ते मला मान्य नाही.

आता गुंतवणुकीकडे वळू. येथे आपले लोक एक वाक्य हमखास बोलतात : ‘जमीन कधी बुडत नाही.’ जमीन बुडत नाही, हे खरे. पण तीत घातलेला पैसा बुडू शकतो. पूर्णा नदीवरील जिगाव प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रातल्या लोकांना तर जमीनही बुडते हे सांगायला नको! एक हिशेब मांडतो. समजा १० लाखांचा प्लॉट घेतला. मुद्रांक शुल्क, नोंदणी फी, वकील, मोजणी धरून ११ लाख गेले. हीच रक्कम वर्षाला ७ टक्के व्याजाने ठेवली तर दहा वर्षांत साडेएकवीस लाखांच्या वर जाते. म्हणजे प्लॉट दहा वर्षांनी बावीस लाखांना विकला गेला, तरच तो मुदत ठेवीच्या बरोबरीला आला असे म्हणता येईल. त्यात कुंपण, कर आणि विकतानाची दलाली मी धरलेलीच नाही. शिवाय घरात आजारपण आले तर प्लॉटचा एक कोपरा मोडून दवाखान्याचे बिल भरता येत नाही.

समृद्धी महामार्गाच्या बाबतीत तर लोकांची एक मोठी गैरसमजूत झालेली आहे. हा प्रवेश-नियंत्रित मार्ग आहे. दोन्ही बाजूंना भिंत किंवा कुंपण असते. मेहकर, दुसरबीड अशा ठरावीक ठिकाणीच चढता-उतरता येते. जुन्या रस्त्याला लागून असलेल्या शेतात धाबा, पंप, दुकान निघत असे. येथे तसे होत नाही. वाहने ताशी शंभराच्या वेगाने शेजारून जातात आणि शेताला त्यांचा फक्त आवाज मिळतो. तरीही ‘समृद्धीला लागून’ या दोन शब्दांवर भाव सांगितले गेले. खामगाव–जालना रेल्वेचेही असेच. अनेक दशकांपासून तिची चर्चा आहे, आणि दर वेळी चर्चा उठली की चिखली, देऊळगावराजा भागात कोणीतरी ‘स्टेशनजवळचे’ प्लॉट विकून मोकळा होतो.

कायद्याच्या बाजूने तीन गोष्टी सांगणे आवश्यक आहे. पहिली आपल्या वर्मावर बोट ठेवणारी आहे. विदर्भाला लागू असलेल्या १९५८ च्या कुळवहिवाट कायद्याच्या कलम ८९ नुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. शेतकऱ्याची जमीन सावकाराच्या घशात जाऊ नये हा त्यामागचा हेतू उदात्त होता. परंतु ज्यांना हजारो वर्षे जमीनच मिळू दिली नाही, त्यांच्या शिकलेल्या नोकरदार मुलालाही हाच कायदा दारात अडवतो. म्हणून मग तो गुंठेवारीच्या प्लॉटकडे वळतो आणि तेथे फसतो. तेव्हा ज्यांच्या वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावे अर्धा एकर का होईना सातबारा आहे, त्यांनी वारसनोंद आजच करून घ्यावी. तो उतारा पुढच्या पिढीचा परवाना आहे.

दुसरी गोष्ट तुकडेबंदीची. २०२३ मध्ये प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीसाठी २० आर आणि बागायतीसाठी १० आर असे ठरले. त्याहून लहान तुकड्याची शेतजमीन म्हणून खरेदी अडचणीत येते. नागरी व निवासी भागांसाठी शासनाने अलीकडे सवलतीची पावले उचलली आहेत, पण सवलतीने रस्ता, नाली आणि पाणी येत नाही. तिसरी गोष्ट इसारचिठ्ठीची. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५४ नुसार विक्रीच्या कराराने मालमत्तेत कोणताही हक्क निर्माण होत नाही. मालकी नोंदणीकृत खरेदीखतानेच येते. माझ्या कपाटातील त्या शंभर रुपयांच्या कागदाची किंमत यावरून समजावी.

ज्यांना जमीन शासनाकडून मिळाली आहे त्यांनाही एक विनंती. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांचा जो सत्याग्रह झाला, त्यात लाखो स्त्री-पुरुष तुरुंगात गेले. आपल्या भागातील अनेक आज्या त्या तुरुंगवासाच्या आठवणी सांगत असत. त्यांच्याच नावाने २००४ पासून सबळीकरण व स्वाभिमान योजना सुरू आहे. तीत भूमिहीन कुटुंबाला चार एकर जिरायती किंवा दोन एकर बागायती जमीन मिळते. ही जमीन विकता येत नाही, हस्तांतरित करता येत नाही. तरीही ‘कागद आम्ही सांभाळतो’ म्हणणारे एजंट अशा वस्त्यांवर येतात. त्यांना पाणी पाजून परत पाठवावे.

मग पैशाचे करायचे काय? सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहे. एक भाग स्वतःच्या उपभोगासाठी, दोन भाग व्यवसायात घालण्यासाठी, आणि चौथा संकटकाळासाठी राखून ठेवण्यासाठी. हे वाचताना मला नेहमी वाटते की आपण चौथा भागच प्लॉटमध्ये घालतो. निवृत्तीची रक्कम, मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेले पैसे, मोबदल्याचा शेवटचा हप्ता हा सारा चौथा भाग आहे. तो पोस्टात, बँकेत, हाताशी असावा. जमिनीत घालायचा तो व्यवसायाच्या दोन भागांतला एखादा हिस्सा, आणि तोही राहते घर झाल्यावर. घर घेताना ते पत्नीच्या किंवा मुलीच्या नावे घेण्याचा विचार जरूर करावा. निवासी घर स्त्रीच्या नावे घेतल्यास महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. बाबासाहेबांनी मुंबईत ‘राजगृह’ बांधले ते भाव वाढेल म्हणून नव्हे. पुस्तकांना जागा हवी होती.

त्या विद्यार्थ्याशी पुढे दोन-तीनदा फोनवर बोलणे झाले. वडिलांच्या पैशाला त्याने हात लावला नाही. गावातील मातीच्या घराच्या जागी दोन खोल्या आईच्या नावे बांधल्या, उरलेली रक्कम पोस्टात ठेवली. स्वतः खामगावला एका दुकानात हिशेब लिहिण्याची नोकरी धरून त्याने एजंटाचे प्रशिक्षण घेतले आणि परीक्षा दिली. आता तो नोंदणी क्रमांकाची पाटी लावून काम करतो. एखाद्या सौद्यात स्वतःचा पैसा असेल तर घेणाऱ्याला आधी सांगायचे, आणि ते इसारचिठ्ठीवर लिहायचे, एवढी एकच अट मी त्याला घातली होती. पहिल्या वर्षी त्याचे तीनच सौदे झाले. ‘सर, दोन गिऱ्हाइके तर मी सातबारा दाखवला म्हणूनच पळाली,’ असे तो हसत सांगत होता.

मागील महिन्यात तो शाळेत आला होता. त्याला माझी ती जुनी इसारचिठ्ठी हवी होती. नवीन गिऱ्हाइकांना दाखवायला म्हणाला. नावे खोडून मी तिची झेरॉक्स त्याला दिली. मूळ कागद अजून माझ्याकडेच आहे, नववीच्या वर्गात ‘इतिहासाची साधने’ हा धडा आला की काढतो.